गाठ काढायची, स्तन राखायचा

शस्त्रक्रियेच्या इतिहासावरील पुस्तके चाळली, तर त्यांतील बहुतेक पाने मोठ्या आणि धाडसी शस्त्रक्रियांनी भरलेली दिसतात. कोणी पहिल्यांदा पोट उघडले, कोणी हृदयाला हात घातला, कोणी ते बदलले. काही शस्त्रक्रिया मात्र त्यांत काय राखले गेले, यासाठी लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. त्यांतील एकीची ही हकीकत.

१८८२ साली न्यूयॉर्कमधील एका वैद्यकीय नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक होते थिओडोर गेलार्ड थॉमस, त्या शहरातील नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ. लेखाच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ असा : 'स्तनाला विद्रूप न करता त्यातील साध्या गाठी काढण्याविषयी.' या पद्धतीची पहिली पायरी मोठी साधी आहे. रुग्ण स्त्रीला भूल देण्याआधी उभे करायचे. स्तनाच्या भाराने त्याच्याखाली, छातीला टेकते तिथे जी घडी पडते, नेमकी त्या घडीत शाईने एक अर्धवर्तुळाकार रेघ काढायची. सुरी चालेल ती या रेघेवरून.

ही रेघ काढायला क्षणभर पुरतो. पण ती काढता येण्याआधी वैद्यकाला तीन गोष्टी शिकाव्या लागल्या होत्या : वेदना थांबवणे, जखम चिघळू न देणे आणि साधी गाठ व कर्करोग यांतला फरक ओळखणे. पहिल्या दोन गोष्टी १८८२ पर्यंत बऱ्याच साधल्या होत्या. तिसरी अर्धीमुर्धीच साधली होती आणि तिची किंमत पुढील जवळजवळ शंभर वर्षे स्त्रियांनी मोजली.

ही गाठ असते तरी कसली?

आधी गाठीची ओळख करून घेऊ. शरीरात कोठेही पेशींची जादा वाढ होऊन गोळा तयार झाला, की त्याला आपण गाठ किंवा अर्बुद म्हणतो. जी गाठ शेजारच्या ऊतींमध्ये घुसत नाही आणि रक्तावाटे किंवा लसिकेवाटे दूरच्या अवयवांत जाऊन रुजत नाही, ती साधी किंवा सौम्य गाठ. जी या दोन्ही गोष्टी करते तो कर्करोग.

तरुण मुलींच्या स्तनात आढळणारी सर्वांत नेहमीची गाठ साधी असते. तिचे नाव फायब्रोअ‍ॅडिनोमा. मराठीत तंतुग्रंथी-अर्बुद म्हणता येईल. नावातच तिची घडण आली. स्तनात सुमारे १५ ते २० खंड असतात. प्रत्येक खंड म्हणजे एक उलटे झाडच समजा. त्याचे खोड म्हणजे दुग्धनलिका, ती स्तनाग्राशी उघडते. फांद्या मागे पसरत जातात आणि त्यांच्या टोकांना दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म ग्रंथींचे घोस असतात. या घोसांभोवती आधार देणारी तंतुमय ऊती असते. यातील एखाद्या घोसाभोवतीची तंतुमय ऊती प्रमाणाबाहेर वाढू लागते आणि आतल्या नलिकांनाही आपल्याबरोबर ताणत नेते. प्रयोगशाळेत आम्ही अशा गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, तेव्हा फिकट तंतूंच्या गादीत दबून चिरेसारख्या झालेल्या नलिका दिसतात. पेशी शिस्तीत असतात. शेजारच्या ऊतीत घुसखोरी दिसत नाही.

ही वाढ का होते, याचा एक धागा २०१४ मध्ये हाती लागला. सिंगापूरच्या संशोधकांनी ९८ फायब्रोअ‍ॅडिनोमांतील जनुके तपासली आणि त्यांपैकी ५८ गाठींत एमईडी-१२ या एकाच जनुकात बदल झालेला आढळला. हा बदल नलिकांच्या पेशींत नव्हता, तंतुमय ऊतीच्या पेशींत होता. गर्भाशयातील साध्या गाठींतही, ज्यांना आपण फायब्रॉइड म्हणतो, याच जनुकातील बदल २०११ मध्येच सापडला होता. दोन्ही अवयव इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली वाढतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हे साम्य अर्थपूर्ण वाटते. मुलगी वयात येताना शरीरात इस्ट्रोजेन वाढते, आणि या गाठी दिसू लागण्याचा काळही तोच असतो.

बहुतेक गाठी दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत वाढून थांबतात. काही आपोआप लहान होतात. पण थोड्या मुलींमध्ये, विशेषतः १० ते १८ या वयात, गाठ काही महिन्यांतच भराभर वाढते. एक स्तन दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट होतो, त्वचा ताणून चकाकू लागते, तिच्यावर निळ्या शिरा उमटतात. अशा गाठीला वैद्यक 'महाकाय' हे विशेषण लावते. व्यास ५ सेंटिमीटरहून अधिक, किंवा वजन ५०० ग्रॅमहून अधिक, किंवा स्तनाचा चार-पंचमांश भाग गाठीने व्यापलेला, अशा तीन व्याख्या वापरात आहेत.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. गाठ गोल धरली, तर ५ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचे घनफळ येते सुमारे ६५ घन सेंटिमीटर, म्हणजे वजन ६५-७० ग्रॅम. ५०० ग्रॅम भरायला व्यास १० सेंटिमीटरच्या आसपास हवा. म्हणजे या दोन व्याख्या एकमेकींशी जुळत नाहीत! कारण उघड आहे. व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होते. अडीच सेंटिमीटरची गाठ १० सेंटिमीटरची होते तेव्हा ती चौसष्टपट झालेली असते. 'काल-परवापर्यंत तर लिंबाएवढी होती' असे आई सांगते, तेव्हा तिचे म्हणणे खोटे नसते.

बोटांना कळेल तेवढेच

क्ष-किरण नाहीत, सूक्ष्मदर्शक नाही, अशा काळात वैद्याकडे दोनच साधने होती : डोळे आणि बोटे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचे वर्णन एकाच अध्यायात शेजारीशेजारी येते. अर्बुद मोठे, गोल, जागच्या जागी स्थिर, खोल मूळ धरलेले आणि सावकाश वाढणारे असते, असे तेथे म्हटले आहे. गाठ हलते की खिळलेली आहे, ही कसोटी इतकी जुनी आहे आणि ती आजही डॉक्टर वापरतात. साधी गाठ साबणाच्या ओल्या वडीसारखी बोटांखालून निसटते. कर्करोगाची गाठ बहुधा आजूबाजूच्या ऊतींना धरून बसते.

पण बोटे फसतातही. १८११ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये फॅनी बर्नी या इंग्लिश लेखिकेचा उजवा स्तन काढण्यात आला. शस्त्रक्रिया करणारे डोमिनिक लारे हे नेपोलियनच्या सैन्याचे प्रसिद्ध शल्यविशारद. भूल नव्हती, थोडेसे मद्य दिले होते इतकेच. पुढे बहिणीला लिहिलेल्या लांबलचक पत्रात बर्नी यांनी त्या वेदनांचे वर्णन केले आहे. त्या वेळी त्यांचे वय ५९ होते. त्यानंतर त्या २८ वर्षांहून अधिक जगल्या. गाठ खरोखर कर्करोगाची होती की साधी, याबद्दल वैद्यकाच्या इतिहासकारांत अजून एकमत नाही. ज्यांनी स्तन काढला त्यांनाही ते ठरवण्याचे खात्रीचे साधन नव्हते.

हा गोंधळ सोडवण्याचा मोठा प्रयत्न लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी केला. गायज रुग्णालयात काम करणाऱ्या या सर्जनने १८२९ मध्ये स्तनाच्या रोगांवर एक सचित्र ग्रंथ काढला. त्याच्या पहिल्या भागात त्यांनी मुद्दाम कर्करोग नसलेलेच रोग घेतले. तरुण, एरवी धडधाकट स्त्रियांत आढळणाऱ्या, सहज हलणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या गाठीला त्यांनी वेगळे नाव दिले आणि ही गाठ घातक नाही असे नोंदवले. आपण ज्याला फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणतो तीच ही. कर्करोगाच्या ग्रंथात एक उपप्रकरण म्हणून तिला न कोंबता स्वतंत्र रोग म्हणून मांडणे, ही कूपर यांची मोठी कामगिरी. त्वचेपासून आत जाऊन स्तनाला तोलून धरणाऱ्या तंतूंना आजही कूपर यांचेच नाव आहे.

पानाच्या आकाराची गाठ आणि नावाचा घोटाळा

१८३८ मध्ये बर्लिनचे योहानेस म्यूलर यांनी गाठींची सूक्ष्म रचना या विषयावर ग्रंथ लिहिला. तोवर सूक्ष्मदर्शकाची भिंगे बरीच सुधारली होती. स्तनातील काही मोठ्या गाठी कापल्यावर आत पोकळ्या आणि त्यांत डोकावणारे पानांसारखे पापुद्रे त्यांना दिसले. पान या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या गाठीला 'सिस्टोसार्कोमा फिलॉइड्स' असे नाव दिले. सार्कोमा म्हणजे मांसल गाठ, एवढाच त्या काळी अर्थ होता. म्यूलर स्वतः या गाठीला साधीच समजत.

पुढे 'सार्कोमा' हा शब्द कर्करोगाच्या एका गटासाठी रूढ झाला, आणि या गाठीचे नाव वाचणाऱ्याच्या मनात विनाकारण धडकी भरवू लागले. या गाठी महाकाय फायब्रोअ‍ॅडिनोमासारख्याच दिसतात, तशाच झपाट्याने वाढतात. बहुसंख्य साध्या असतात, थोड्या मात्र खरोखर घातक निघतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये 'फिलॉइड्स अर्बुद' हे साधे नाव स्वीकारले. नाव आधी आणि अर्थ नंतर बदलला, तर ते नाव शंभर-दीडशे वर्षे माणसांना कसे चकवू शकते, याचे हे उदाहरण विज्ञानाच्या शिक्षकांनी जपून ठेवावे असे आहे.

सूक्ष्मदर्शक आला म्हणून वाद मिटला, असेही झाले नाही. १८५४-५५ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत या प्रश्नावर मोठी चर्चा झाली. कर्करोगाची म्हणून एक खास पेशी असते आणि ती दिसली की निदान झाले, असे एक मत होते. स्तनरोगांवर मोठा ग्रंथ लिहिणारे आल्फ्रेड व्हेल्पो यांना ते पटत नव्हते. रुग्णाजवळ बसून मिळवलेले ज्ञान त्यांना अधिक भरवशाचे वाटे. आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंना थोडे थोडे श्रेय द्यावे लागते. एकट्या पेशीवर कर्करोगाचा शिक्का मारता येत नाही. पण पेशींची मांडणी आणि शेजारी शिरण्याची वृत्ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, आणि निदान त्यावरच उभे राहिले.

भूल, कार्बोलिक आम्ल आणि ती रेघ

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी इथरची भूल देऊन दाखवली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. भुलेमुळे वेदना थांबल्या, हे तर आपण सगळेच जाणतो. पण त्याहून एक वेगळी गोष्ट घडली : सर्जनला वेळ मिळाला. भुलेआधीच्या काळात जागा असलेला रुग्ण किती मिनिटे सोसू शकेल यावर सारे अवलंबून असे. अवयव अलगद उलगडून आतली गाठ हळुवार सोडवण्यापेक्षा सारा स्तनच कापून टाकणे झटपट होई. सावकाशीने काम करणे ही भुलेने दिलेली देणगी आहे.

तरीही आत मोठी पोकळी ठेवणारी शस्त्रक्रिया म्हणजे मृत्यूला निमंत्रणच होते, कारण पोकळीत रक्त साचे, ते सडे आणि पू शरीरभर पसरे. १८६७ मध्ये ग्लासगोच्या जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा जंतुरहित ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया या पद्धतीने केली आणि जखम न चिघळता भरून आली.

आता थॉमस यांच्या रेघेकडे पुन्हा वळू. शाईच्या खुणेवर त्वचा कापायची. त्या फटीतून आत शिरून स्तनाचा तळ छातीच्या स्नायूंपासून अलग करायचा आणि सारा स्तन खालून वर, झाकणासारखा उचलायचा. गाठ आता मागच्या बाजूने समोर येते. तिच्यावरची ऊती कापून ती बाहेर घ्यायची. मग स्तन पुन्हा जागेवर ठेवायचा, साचणारा स्राव बाहेर जावा म्हणून छिद्रे असलेली काचेची नळी ठेवायची आणि टाके घालायचे. जखम भरली, की व्रण स्तनाखालच्या घडीत जातो. स्तनाग्र, त्याभोवतीचे वर्तुळ आणि पुढच्या बाजूची त्वचा यांना हातही लागत नाही. तिथे येऊन मिळणाऱ्या दुग्धनलिकांच्या मुख्य वाटा शाबूत राहतात, म्हणून पुढे बाळाला पाजण्याची शक्यताही टिकते.

घडीतला व्रण नुसता लपतो असे नाही, तो चांगला भरूनही येतो. व्हिएन्नाचे कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मृतदेहाच्या त्वचेला गोल टोच्याने भोके पाडली असता ती गोल न राहता लांबट होत आणि त्यांची लांबी ठराविक दिशेनेच असे. त्वचेतील तंतू त्या त्या जागी त्याच दिशेने ताणलेले असतात, असा त्याचा अर्थ. त्या दिशेने दिलेला छेद कमी फाकतो आणि व्रण बारीक होतो.

थॉमस यांच्या पद्धतीला एक अट होती. गाठ साधी असलीच पाहिजे. कर्करोगात अशी काटकसर जिवावर बेतली असती. म्हणजे शाईची रेघ काढणाऱ्या हाताला आधी निदानाची खात्री हवी, आणि १८८२ मध्ये ती खात्री पुन्हा बोटांवरच येऊन थांबत होती.

जाग येईपर्यंत ठाऊक नाही

थॉमस ज्या शहरात काम करत होते, त्याच शहरात त्याच दशकात विल्यम हॉलस्टेड हे तरुण सर्जन काम करत होते. पुढे बॉल्टिमोरला गेल्यावर १८९४ मध्ये त्यांनी स्तनाच्या कर्करोगावरील आपली प्रसिद्ध शस्त्रक्रिया मांडली : संपूर्ण स्तन, खालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतील लसिका-ग्रंथी सगळे एकत्र काढणे. कर्करोग त्या काळी फार उशिरा समोर येई, तेव्हा या शस्त्रक्रियेने अनेकांना दिलासा दिला हे खरे. परंतु 'स्तनात गाठ' हे शब्द ऐकताच सर्जनच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा हीच शस्त्रक्रिया उभी राहू लागली.

साधी गाठ चुकून कर्करोग समजली जाऊ नये, म्हणून एक सोय झाली. १९०५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुई विल्सन यांनी ताजी ऊती गोठवून, पातळ काप घेऊन, मेथिलीन ब्ल्यू रंगाने रंगवून काही मिनिटांतच सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. रुग्ण भुलेखाली असतानाच निदान सांगता येऊ लागले. मोठे उपयोगी साधन! पण त्यातून एक विचित्र प्रथा रूढ झाली. स्त्री भुलेखाली जाताना कागदावर सही करून देई. गाठीचा तुकडा तपासला जाई. साधी निघाली तर टाके, कर्करोग निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा. जाग आल्यावर चाचपूनच काय झाले ते तिला कळे. गाठ साधी असलेल्या कितीतरी तरुण स्त्रियांनीही ही धास्ती घेऊनच शस्त्रक्रियागृहाचे दार ओलांडले असेल.

या प्रथेविरुद्ध आवाज उठवला तो एका रुग्णाने. १९७४ मध्ये अमेरिकन पत्रकार रोझ कुशनर यांना स्तनात गाठ आढळली. आधी फक्त तपासणी करा, निकाल मला सांगा, पुढचे मग ठरवू, असा आग्रह त्यांनी धरला. असे करायला तयार होणारा सर्जन मिळवणेच त्यांना जड गेले. पुढच्या वर्षी त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली, तिच्या मंडळात कुशनरही होत्या. निदान आणि उपचार या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवाव्यात, अशी शिफारस त्या परिषदेने केली. सुरी उचलण्याआधी रुग्णाला निदान कळले पाहिजे, हे आज इतके उघड वाटते. ते मान्य व्हायला मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

सुई, ध्वनी आणि आजची शस्त्रक्रिया

निदान सुरीपासून वेगळे काढणे शक्य झाले ते दोन साधनांमुळे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील मार्टिन आणि एलिस यांनी सुईने गाठीतील पेशी ओढून घेऊन तपासण्याची पद्धत मांडली. १९५२ मध्ये मिनेसोटात जॉन वाइल्ड हे सर्जन आणि जॉन रीड हे अभियंता यांनी स्तनातील गाठीवरून परतणाऱ्या श्रवणातीत ध्वनीच्या प्रतिध्वनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या परिचयाची सोनोग्राफी ती हीच. तरुण मुलींच्या स्तनात ग्रंथींची ऊती दाट असल्याने क्ष-किरणांच्या चित्रात गाठ आणि भोवतीची ऊती सारखीच पांढरी दिसते. ध्वनीला मात्र ती वेगळी कळते, शिवाय तिच्यात किरणोत्सर्गाचा धोका नाही. म्हणून या वयात सोनोग्राफी हीच पहिली तपासणी.

महाकाय गाठीच्या बाबतीत एक अडचण उरतेच. सुईने आलेल्या छोट्या तुकड्यावरून महाकाय फायब्रोअ‍ॅडिनोमा आणि फिलॉइड्स अर्बुद यांतला फरक दर वेळी सांगता येत नाही. म्हणून गाठ मोठी किंवा झपाट्याने वाढणारी असेल, तर ती पूर्ण काढून तपासतात. फायब्रोअ‍ॅडिनोमा शेंगेतून दाणा सुटावा तसा सुटून येतो. फिलॉइड्स मात्र त्याच जागी पुन्हा उगवू शकते, म्हणून त्याभोवतीची थोडी निरोगी ऊतीही काढावी लागते.

दहा-पंधरा सेंटिमीटरच्या गाठीपुढे स्तनाची मूळ ऊती इतकी चेपून गेलेली असते, की ती उरलेलीच नाही असे वाटावे. केवळ या समजुतीने वाढत्या वयाच्या मुलींचा सबंध स्तन काढल्याची उदाहरणे जुन्या वैद्यकीय साहित्यात आहेत. खरे तर ती ऊती गाठीच्या कडेला पातळ थर होऊन दबलेली असते. गाठ निघाली, दाब गेला, की ती पुढील काही महिन्यांत बरीचशी फुलून येते. ताणलेली त्वचाही आवळते. म्हणून जादा वाटणारी त्वचा लगेच न कापता वाट पाहावी, आणि उणे-अधिक राहिलेच तर स्तनाची वाढ पूर्ण झाल्यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेने दुरुस्त करावे, असे अनेक सर्जन सुचवतात. छेद बहुधा दोनपैकी एका जागी घेतात : स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने, नाही तर स्तनाखालच्या घडीत. दुसरी जागा म्हणजे थॉमस यांची शाईची रेघच.

आणि लहान गाठ? निदान पक्के असेल आणि ती वाढत नसेल, तर ती नुसती नजरेखाली ठेवली तरी चालते. ठराविक महिन्यांनी सोनोग्राफी करून मोजायची. आपल्या गणितानुसार व्यासातील थोडी वाढही घनफळात मोठी असते, म्हणून मोजमाप लिहून ठेवणे महत्त्वाचे.

कळीला गाठ समजू नये

या इतिहासातला एक धडा न कापण्याचाही आहे. साधारण ८ ते १३ या वयात मुलीच्या स्तनाग्रामागे बटणासारखी एक टणक चकती लागू लागते. दाबले तर दुखते. पुष्कळदा ती आधी एकाच बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिने मागे राहते. ही गाठ नव्हे. ही स्तनाची कळी आहे. पुढचा सारा स्तन याच एवढ्याशा ऊतीतून घडायचा असतो. ती गाठ समजून काढली, किंवा तपासणीसाठी तिचा तुकडा घेतला, तर त्या बाजूचा स्तन पुढे अपुरा वाढतो किंवा वाढतच नाही. अशी मुलगी तपासायला आली, तर अनुभवी डॉक्टर सुरी किंवा सुई हाती घेण्याआधी शांतपणे वाट पाहतात.

वर्गाशी याचा संबंध

हा विषय शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या मते तो इथेच हवा. दहा ते अठरा या वयातील मुली दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असतात. ज्या मुलीचा एक स्तन अचानक मोठा होऊ लागतो, ती ते बहुधा कोणालाच सांगत नाही. ओढणी दुहेरी घेते, दप्तर छातीशी धरते, खेळाच्या तासाला पोटात दुखते म्हणून बसून राहते, पोक काढून चालू लागते. घरी कळते तेव्हा कर्करोगाची भीती आणि लग्नाची काळजी हातात हात घालून येतात. मग कोणी लेप लावतो, कोणी अंगारा आणतो आणि महिने जातात. या महिन्यांत गाठ किती पटीने वाढते, ते आपण वर पाहिलेच.

या मुलीला आणि तिच्या आईला तीन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. या वयातील गाठ बहुतेक वेळा साधी असते, कर्करोग अत्यंत विरळा. तरीही ती डॉक्टरांना दाखवायलाच हवी, आणि झपाट्याने वाढत असेल तर लवकर. आणि गाठ काढायची म्हणजे स्तन काढायचा असे नव्हे. आठवी-नववीच्या वर्गात वयात येण्याचा धडा शिकवताना बाई या तीन वाक्यांची भर घालू शकतात. त्यासाठी वेगळा तास लागत नाही. 'एका बाजूला आधी वाढ होणे स्वाभाविक आहे' हे चौथे वाक्यही सांगावे, म्हणजे कळीच्या वयातील मुली उगाच घाबरणार नाहीत. मुलगे वर्गात असले तरी हरकत नाही. तेही उद्याचे भाऊ, नवरे आणि बाप आहेत, आणि काही मुलग्यांनाही वयात येताना स्तनाग्रामागे अशी दुखरी चकती काही काळ लागते, हे त्यांनाही कळलेले बरे.

पत्ता सांगायचा तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा सांगावा. तेथून पुढे सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळू शकते. मुलीने पुरुष डॉक्टरांना दाखवायला नकार दिला, तर तिला रागावू नये, स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असतात त्याची चौकशी करून द्यावी. आणि डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न आईला पाठ करून द्यावा : 'ही गाठ कसली आहे, हे शस्त्रक्रियेआधी तुम्ही कशावरून ठरवले?'